नोराचं पोट

नोराचं पोट बिघडलं ते बीजीच्या चुरीनं. कालच्या रोट्या कुस्करायच्या, त्यात तूप आणि गूळ घालायचा, हातानं चांगलं चोळायचं आणि पितळी परातीतून कुत्रीपुढं ठेवायचं, हा बीजीचा सकाळचा कार्यक्रम. भानुदासनं हात जोडून सांगितलं होतं की बीजी, ही सरकारी कुत्री आहे, हिला बाहेरचं खाणं चालत नाही. बीजी मान डोलवायची, बिलकुल देणार नाही म्हणायची, आणि कुत्रीला सुट्टी असली, भानुदास एकटाच ड्यूटीच्या गाडीत चढला, की परात घेऊन बाहेर यायची. दारात जनावर बघत बसलंय आणि आपण आत जेवतोय हे तिला जमणारंच नव्हतं. माया करणाऱ्या माणसावर रागवायचं कसं, म्हणून शालनही गप्प बसायची.

हल्लोमाजरा हे चंडीगडच्या कडेचं गाव. शहरातले सरळ रस्ते आणि गोल चौक संपले की शेणाचा वास सुरू व्हायचा. बीजीच्या, म्हणजे घरमालकीण सुरजीत कौरच्या अंगणात म्हशी, एक तुतीचं झाड, कडबाकुट्टीचं यंत्र आणि गोठ्याला लागून एक खोली. त्या खोलीत म्हसवडकडचा भानुदास पुकळे राहायचा, त्याची बायको शालिनी राहायची, जिला तिच्या आईनंही शालनशिवाय दुसरी हाक कधी मारली नव्हती, आणि केंद्रीय दलाची नोरा राहायची. नोरा पिवळट रंगाची लॅब्रेडोर. स्फोटकं हुंगून काढायची हे तिचं काम आणि तिला हाताळायची हे भानुदासचं. कुत्र्यांसाठी तळावर तंबू होते, पण मे महिन्यात एक कुत्रा तंबूतच उष्णतेनं गेला. तेव्हा इन्स्पेक्टर नरेंद्र साहेबांनी तोंडी सांगून टाकलं, ज्याला जमेल त्यानं आपलं जनावर आपल्या खोलीवर न्यावं. भानुदासनं त्याच दिवशी नोराला आणलं.

नव्वद सालचा तो उन्हाळा, पंजाबात बॉम्ब आणि गोळीबार रोजचेच झालेले. दिवस कलला की लांबच्या बसगाड्या बंद व्हायच्या. बाजारात कर्णे ओरडून सांगायचे, पडलेला रेडिओ, डबा, पिशवी, कशालाही हात लावू नका. बीजीचा भाचा गेल्या हिवाळ्यात पोलिसांनी नेला होता, तो परत आला नव्हता. बीजी त्याचं नाव काढायची नाही आणि वर्दीतल्या भाडेकरूला रोज लोटाभर लस्सी द्यायची. शालनला आधी हे चमत्कारिक वाटलं. मग तेही वाटेनासं झालं.

ती दिवसभर बीजीच्या हाताखाली राबायची. पहाटे शेण उचलायचं, भिंतीवर गोवऱ्या थापायच्या, मग कडबाकुट्टीचं चाक फिरवायचं. एकीनं चाऱ्याची पेंडी सारायची, दुसरीनं चाक ओढायचं. उन्हात लोखंडाची मूठ तापायची म्हणून शालन तिला फडकं गुंडाळायची. खांदा भरून यायचा, दंडावर घाम आणि चाऱ्याचा भुसा चिकटायचा, पण हाताला काम असलं की डोकं गप्प राहतं, हे तिला बरं वाटायचं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. मूल नव्हतं. त्याबद्दल दोघं आता बोलत नसत.

खोलीच्या फळीवर डालड्याचा एक जुना डबा होता. तो शालनचा. तिचा बाप मेंढरं घेऊन पावसाळा सोडून सगळं वर्ष मुलूख हिंडायचा. कळपामागची कुत्री मेलेलं, सडलेलं खायची आणि त्यांची पोटं बिघडायची. त्या माळावर डॉक्टर कुठला येणार? आई अशा वेळी पुरचुंड्या सोडायची. शालनच्या डब्यात त्याच पुरचुंड्या होत्या, डाळिंबाची वाळकी साल, कुड्याची साल, बेलफळाचा गर, सुंठ, ओवा. रीतही ठरलेली होती. आधी एक वेळ उपाशी ठेवायचं. मग तांदळाची पेज, मीठ घालून, कोमट. मग पातळ ताक. त्यानं भागलं नाही तर साली उगाळायच्या. भानुदासला हा डबा ठाऊक होता. सरकारी कुत्र्याला घरचं औषध देणं म्हणजे नोकरीवर बेतायचं, हेही ठाऊक होतं. तरी तो काही बोलायचा नाही, कारण त्याला त्याहून मोठी भीती होती.

नोरा त्या वर्षी दोनदा आजारी म्हणून नोंदली गेली होती. दुसरी वेळ तर वाईट होती. कुणी बडे पाहुणे येणार होते, सभागृह तपासायचं होतं, आणि लाल गालिच्यावर मधोमध नोरा खाली बसली. भानुदासनं ती घाण स्वतःच्या रुमालानं पुसली, रुमाल पुरला नाही तेव्हा टोपीनं. भोवती उभे असलेले शिपाई हसू दाबत होते. नरेंद्र साहेबांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की पुकळे, तिसऱ्यांदा असं झालं तर हिला बोर्डापुढं उभी करावी लागेल. बोर्ड म्हणजे डॉक्टर आणि दोन अधिकारी. त्यांनी नापास केलेलं कुत्रं कुणाला देऊन टाकत नसत. त्याला मरणाची सुई देत.

नोरा त्याच्याकडं आली तेव्हा बुटाएवढी होती. आईला सोडून आली म्हणून रात्रभर रडायची, आणि बराकीतल्या पोरांच्या शिव्या खात भानुदास तिला पोटाशी घेऊन निजायचा. आता ती मोठी झाली होती, पण गाडीत बसली की अजून त्याच्या मांडीवर हनुवटी टेकायची. आपल्याला हिच्याशिवाय करमणार नाही, हे भानुदासनं कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. शालनला ते दिसायचं.

तर त्या दिवशी चुरी खाल्ली आणि दुपारपासून नोराला ढाळ लागले. भानुदास रस्त्यावरच्या नाक्याला गेला होता, कुत्रीला त्या दिवशी विश्रांती होती. शालननं रीतीप्रमाणं सगळं केलं. पेज दिली, ती बाहेर आली. ताक दिलं, तेही आलं. साल उगाळून चमच्यानं गालात ओतली तेव्हा ढाळ थांबले, पण पोट फुगलं. हात लावला की आत गुडगुड वाजत होतं. नोरा भिंतीला पाठ लावून कण्हायला लागली. उद्या सकाळी गाडी येणार होती आणि अशी कुत्री गाडीत चढवली असती तर तिसरी नोंद ठरलेलीच होती.

बाहेर लूची गरम झळ वाहत होती. शालन कुत्रीजवळ बसून राहिली. मग तिला सासूचं आठवलं. गावाकडं तान्ह्या पोराचं पोट फुगलं की सासू हिंग कोमट पाण्यात कालवून बेंबीभोवती लावायची, की घटकाभरात पोर मोकळं. शालन उठली. मिसळणाच्या डब्याशेजारी हिंगाची डबी होती, गावाहून आणलेला खडा हिंग, फोडणीत चिमूटभर पडला तरी गोठ्यापर्यंत वास जायचा. तिनं तो चांगला मोठा खडा घेऊन कालवला आणि नोराच्या पोटाला चोळून चोळून लावला. थोडा गुळात गोळी करून जिभेमागं सारला. नोरानं मान वळवून पोट चाटायला सुरुवात केली. चाटू दे, पोटातच जातंय, असं म्हणून शालननं तिला अडवलं नाही. हिंगाचेच हात तिनं कुत्रीच्या तोंडावरून, कानांवरून मायेनं फिरवले.

वासाचे नियम तिला पाठ होते. भानुदास डोक्याला वासाचं तेल लावत नसे, बिडी ओढत नसे. शालन स्वतः बिनवासाच्या साबणानं अंघोळ करायची. देवापुढची उदबत्तीसुद्धा तिनं बंद केली होती, नुसता दिवा लावायची. वास म्हणजे अत्तर, साबण, उदबत्ती, रॉकेल. हिंग हाही वास आहे, हे तिच्या मनात आलंच नाही. ज्या वासात रोजचं जेवण होतं त्याला कोण वास म्हणतं? आणि बापाच्या कुत्र्यांचं काम डोळ्यांचं आणि कानांचं असायचं. कुत्र्याचं नाक जपायची वेळ तिच्या माहेरात कुणावर आली नव्हती.

पोट उतरलं. नोरा उठली, अंग झाडलं, दारात जाऊन झोपली. संध्याकाळी भानुदास आला तेव्हा चुलीवर आमटी होती, खोलीत फोडणीचा वास कोंदला होता. शालननं दुपारी ढाळ लागल्याचं आणि आता बरं असल्याचं सांगितलं. त्यानं नोराचं पोट दाबून पाहिलं. मऊ होतं. तो तिथंच उकिडवा बसला आणि म्हणाला, "तू हाईस म्हणून निभावतंय." शालनला आतून बरं वाटलं. असं काही तो क्वचित बोलायचा.

सकाळी गाडी आली. एका कापडबाजारात बेवारस पिशवी आहे असा फोन आला होता, कुठल्या गल्लीत ते सांगितलं नव्हतं. बाजार नुकता उघडत होता. दोरी लावून माणसं मागं हटवली होती, तरी कुणी गठ्ठे सोडून जायला तयार नव्हतं, दुकानदार आपापल्या ओट्यांवर उभेच होते. भानुदासनं पट्टा सैल सोडून नोराला पहिल्या ओळीत घातली. सायकली, हातगाड्या, गठ्ठे. नोरा चालत होती. पण नेहमी ती एका वस्तूवरून दुसरीवर अशी नाक टाकत जायची, तशी जाईना. सरळ चालली होती, फिरायला निघाल्यासारखी. मधे थांबून शिंकायची आणि पोट चाटायची.

दुसऱ्या ओळीच्या तोंडाशी भानुदास तिच्या गळ्याचा पट्टा नीट करायला वाकला आणि त्याला हिंगाचा वास आला. घरी नाकाला तो वास कळला नव्हता, तिथं तो रोजचाच. इथं नव्या कापडाच्या खळीच्या वासात तो एकदम वेगळा आला. त्यानं तिचं तोंड हुंगलं, कान हुंगले, पोट हुंगलं. त्याला शालनचे हात दिसले.

खिशात सरावाची चिंधी होती, स्फोटकाच्या दारूचा वास दिलेली, बाटलीत बंद. त्यानं पाठ फिरवून ती नोराच्या नाकाशी धरली. हा वास आला की नोरा खाली बसायची, स्फोटक सापडल्याची हीच तिची खूण. नोरानं त्याचा हात चाटला आणि शेपटी हलवली.

भानुदासनं चिंधी परत बाटलीत बंद केली. पुढं अख्खी गल्ली होती. ओळीनं फिरून, काही नाही म्हणून हात वर केला की माणसं आत येणार. कदाचित काहीच नसेल, दहातले नऊ फोन खोटेच असायचे. एका ओट्यावर एक बाई पोराला कडेवर घेऊन शटर उघडायची वाट बघत उभी होती. त्या पोरानं नोराकडं बोट दाखवलं.

तो उठून नरेंद्र साहेबांकडं गेला. सगळे बघत होते. तो म्हणाला, "साब, कुत्ती काम नहीं कर रही. पेट खराब है."

साहेबांनी त्याच्याकडं पाहिलं. फिर से, एवढंच ते म्हणाले. वायरलेसवर दुसरं कुत्रं मागवलं गेलं, माणसांना आणखी मागं रेटलं गेलं. दुकानदार चिडले, कुणीतरी कुत्र्यावरून आणि वर्दीवरून घाण बोललं. भानुदास नोराला घेऊन गाडीच्या सावलीत बसला. दुपारी दुसरं कुत्रं आलं, गल्ली तपासली गेली. काही सापडलं नाही. बाजार पुन्हा उघडला.

बोर्ड त्याच आठवड्यात बसला. भानुदासला आत बोलावून विचारलं की वारंवार पोट का बिघडतं. खरं तोंडापर्यंत आलं होतं. हिंग दिला होता साहेब, पोट बरंय, नाक आठवड्यात परत येईल, एवढं म्हटलं असतं तर नोरा वाचली असती, हे त्याला स्वच्छ कळत होतं. पण मग हिंग कुणी दिला, कुणाच्या सांगण्यावरून दिला, घरी औषधं ठेवतोस का, कुत्री घरी का होती, हे सगळं निघालं असतं. तोंडी परवानगी देणारे साहेब तिथंच बसले होते आणि टेबलाकडं बघत होते. चौकशी झाली असती, शालनला आणून उभी केली असती, नोकरी गेली असती. गावाकडं मेंढरंही आता उरली नव्हती. भानुदास म्हणाला, माहीत नाही साहेब, उष्मा सोसत नसेल.

सुई देताना कुत्रं हाताळणाऱ्यानंच धरायचं, अशी पद्धत होती. ओळखीचा हात असला की जनावर धडपडत नाही. भानुदासनं नोराला टेबलावर चढवलं. ती आपणहून आडवी झाली आणि तिनं हनुवटी त्याच्या मनगटावर ठेवली. डॉक्टर पायावरचे केस कापायला वाकले आणि त्यांनी नाक आक्रसलं.

"ये बू काहे की है?"

"पता नहीं, साब," भानुदास म्हणाला.

त्यानंतर त्याला विशेष काही वाटलं नाही. पट्टा आणि साखळी भांडारात जमा केली, सही केली, नळावर हात धुतले. घरी आला तेव्हा शालन गोवऱ्या रचत होती. नोरा कुठं आहे, असं तिनं विचारलं. बदली झाली, तो म्हणाला. दुसऱ्या सेंटरला पाठवली, तिथं थंड आहे. शालन गोवऱ्या रचत राहिली. मग आत गेली आणि तिनं वेगळी अशी एक मोठी पुरचुंडी बांधून आणली. साली होत्या, सुंठ होती, आणि हिंगाचा खडा वेगळ्या कागदात होता. तिकडच्या माणसाला द्या, म्हणाली, आणि हिंगानं तिला लगेच गुण येतो तेवढं सांगा. भानुदासनं ती घेतली. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना वाटेतल्या कोरड्या ओढ्यात टाकली.

उन्हाळा सरला. बीजी परात घेऊन बाहेर यायची आणि मोकळ्या दारात उभी राहून परत आत जायची. आपल्या चुरीमुळं काही झालं का, हे तिनं शालनला एकदा विचारलं. शालननं नाही म्हटलं. दोघी कडबाकुट्टीवर उभ्या राहायच्या, एक पेंडी सारायची, एक चाक ओढायची. घरात दोघं जेवायला बसायचे. भानुदास ताटातली आमटी तशीच ठेवायचा, कोरडी भाकरी खायचा. उन्हानं खाणं जात नसेल, असं शालन समजायची.

दसऱ्याच्या सुमाराला त्याला नवीन कुत्रा मिळाला. काळा, धिप्पाड, नाव बुलेट. तळावर अजून पक्की घरं झाली नव्हती, म्हणून तोही खोलीवर आला. त्याला या जागेची सवय नव्हती, त्यानं कुठंतरी काही खाल्लं आणि दुपारी ओकायला लागला. भानुदास घरीच होता, खाटेवर बसून बूट घासत होता. शालननं डबा काढला, पेज चढवली, साल उगाळली. कुत्र्याच्या पोटाला हात लावून म्हणाली, फुगलंय. आणि फळीवरची हिंगाची डबी घ्यायला उठली.

"हिंग नगं," भानुदास म्हणाला.

ती थांबली. "का? नोराला तर लगेच उतार पडला हुता."

"नाक जातं."

तो ब्रशकडं बघत होता. बुटाला चकाकी येऊन गेली होती, तरी घासत होता. शालन डबी हातात घेऊन उभी राहिली. पेज उतू जाऊन चूल विझली, ते तिनं पाहिलं आणि काही केलं नाही.

"आवं, नोराला थंड सेंटरात न्हाई न्हेलं," ती म्हणाली. ते विचारणं नव्हतं.

"न्हाई."

"मी लावल्यालं तुमी सायबाला सांगितलं?"

"न्हाई. पोट बिघडलंय म्हनलं."

"आन् हिंग म्हनला असता तर?"

भानुदासनं बूट खाली ठेवला. दुसरा उचलला. "नाक आठ दिसांत परत आलं असतं," तो म्हणाला.

शालन रडली नाही. आपण रडायला हवं असं तिला वाटलं, पण काही आलं नाही. तिनं खाली बसून पेजेचं भांडं उतरवलं, चूल परत पेटवली, पेज कोमट होईपर्यंत हलवली आणि थोडी थोडी करून बुलेटला पाजली. मग साल पाजली. कुत्रा झोपला तेव्हा तिनं हात राखेनं घासले, परत घासले, आणि डबी घेऊन अंगण ओलांडून बीजीच्या स्वयंपाकघरात गेली.

बीजी कणीक तिंबत होती. शालननं डबी ओट्यावर ठेवली आणि तुम्ही ठेवा म्हणाली. बीजीनं झाकण उघडलं, वास घेतला आणि तिला नवल वाटलं. तुझ्या फोडणीचा वास तर रोज माझ्या गोठ्यापर्यंत येतो, मग आज काय झालं, असं तिनं विचारलं.

"हमारे में नहीं खाते, बीजी," शालन म्हणाली, आणि चाऱ्याची वेळ झाली होती म्हणून कडबाकुट्टीकडं गेली.